सीओटूची नळी कशी निवडावी: काउंटरमधला बुडबुडा टाकीपर्यंत पोहोचण्यासाठी

पाणवनस्पतींच्या टाकीसाठी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, संच जुळवताना सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवणारा) आणि डिफ्युझर (गॅस बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा) यांच्यावर नवखा माणूस दिवसच्या दिवस विचार करतो. नळी मात्र एअर पंपाबरोबर आलेली, खणात पडून असलेली कुठलीतरी उचलतो आणि लावून मोकळा होतो. मीही सुरुवातीला तेच केले होते. बबल काउंटरमध्ये (जाणारे बुडबुडे मोजायच्या कुपीत) सेकंदाला एक बुडबुडा नेमाने दिसत होता, सांध्यांना साबणाचे पाणी लावले तर कुठेही फेस येत नव्हता, आणि तरीही ड्रॉप चेकरमधले (टाकीतल्या गॅसचे प्रमाण रंगाने दाखवणाऱ्या कुपीतले) पाणी दुपारपर्यंत निळेच, म्हणजे गॅस कमी असल्याचे दाखवत, राहत होते. गॅस कमी पडतो आहे असे समजून मी सुई-व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह बारकाईने ठरवणारी झडप) आणखी उघडत गेलो, सिलिंडर लवकर संपत गेला, आणि दोष नळीच्या भिंतीत आहे हे लक्षात यायला दोन सिलिंडर लागले.

म्हणून पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की बुडबुडे आपण नळीच्या एका टोकाला मोजतो आणि झाडांना गॅस मिळतो तो दुसऱ्या टोकाला. मधल्या एक-दोन मीटरमध्ये काय होते, हे नळी कशाची बनलेली आहे यावर ठरते.

गॅस भिंतीतून जातो म्हणजे काय

नळीला छिद्र नसले, सांधा सैल नसला, तरीही गॅस तिच्या भिंतीत विरघळून बाहेरच्या बाजूने निघून जाऊ शकतो. सिलिकॉन रबराची अंतर्गत रचना इतकी मोकळी असते की कार्बन डायऑक्साइड त्यातून फार सहज पार होतो. नायट्रोजन किंवा ऑक्सिजन यांच्यापेक्षा तो कितीतरी पटींनी जलद जातो. त्यासाठी नळीत दाब असण्याचीही गरज नसते. आपल्या भोवतालच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के असतो आणि नळीच्या आत तो जवळजवळ शंभर टक्के असतो. हा फरक पुरेसा असतो. नळीतला दाब वाढला की त्याच प्रमाणात हे नुकसान वाढते.

आकडेमोड एकदा करून पाहिली तर शंका उरत नाही. आतला व्यास 4 मिमी आणि बाहेरचा 6 मिमी असलेल्या एक मीटर नळीच्या भिंतीचे सरासरी क्षेत्रफळ साधारण 155 चौरस सेंटिमीटर भरते आणि भिंतीची जाडी 1 मिमी असते. नळी सिलिकॉनची असेल आणि आत शुद्ध कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या दाबाएवढ्याच दाबाने भरलेला असेल, तर दर मिनिटाला अंदाजे एक ते दोन मिलिलिटर गॅस भिंतीतूनच निघून जातो. काउंटरमधल्या बुडबुड्याचा आकार प्रत्येक काउंटरमध्ये वेगळा असतो, पण एक बुडबुडा 0.05 मिलिलिटरचा धरला तर सेकंदाला एक या गतीने मिनिटाला 3 मिलिलिटर गॅस सोडला जातो. म्हणजे सिलिकॉनच्या एका मीटरमध्ये त्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून बराच जास्त, वाटेतच संपतो. नळी दोन मीटरची असेल आणि टाकी लहान म्हणून गॅस मुळातच कमी सोडलेला असेल, तर पुढे काय उरेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. मोठ्या टाकीवर, जिथे सेकंदाला चार-पाच बुडबुडे जातात, तिथे हेच नुकसान टक्केवारीने कमी दिसते आणि म्हणूनच ‘माझी सिलिकॉनची नळी तर उत्तम चालते’ असे सांगणारेही भेटतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते. त्यांच्या टाकीचा हिशेब वेगळा असतो.

ज्यांना आकड्यांपेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास आहे त्यांनी हा प्रयोग करावा. सिलिकॉनच्या मीटरभर नळीत गॅस सोडून आतली हवा पूर्ण बाहेर घालवावी, वरचे टोक दुमडून चिमट्याने घट्ट बंद करावे आणि खालचे टोक ग्लासभर पाण्यात बुडवून ठेवावे. काही मिनिटांतच पाणी वीतभर तरी नळीत वर चढलेले दिसते, कारण आतला गॅस भिंतीतून जितक्या वेगाने बाहेर जातो तितक्या वेगाने बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. शेजारी तेवढ्याच लांबीची पॉलियुरेथेनची नळी तशीच भरून ठेवली, तर तिच्यातले पाणी तेवढ्या वेळात फारसे हलत नाही. रात्री गॅस बंद झाल्यावर टाकीतले पाणी नळीत शिरण्यामागे जी कारणे असतात त्यांपैकी एक हेच आहे.

पायरी पहिली: साहित्य ठरवावे

नव्याने संच घेणाऱ्याने पॉलियुरेथेनची नळी घ्यावी, हे माझे सरळ मत आहे. कारखान्यांमध्ये दाबाच्या हवेसाठी जी नळी वापरतात ती हीच. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सिलिकॉनच्या मानाने पन्नास ते शंभर पटींनी कमी झिरपतो, सामान्य तापमानाला ती सहसा 8 ते 10 बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) दाब सोसते, आणि तिला वळवता येईल इतका लवचीकपणाही असतो. पॉलियुरेथेनचे दोन प्रकार मिळतात: पॉलिएस्टरवर आधारलेला आणि पॉलिथरवर आधारलेला. पहिला उबदार आणि दमट जागी काही काळाने कमकुवत होतो, कारण पाण्याचा अंश त्याच्या साखळ्या तोडत जातो. दुसरा पाण्याला चांगला टिकतो. टाकीखालचे कपाट कायम ओलसर असते आणि नळीचे एक टोक तर पाण्यातच असते, म्हणून निवडीला वाव असेल तेव्हा पॉलिथरचा प्रकार मागावा. पारदर्शक नळी कालांतराने पिवळी पडते. तेवढ्याने ती निकामी होत नाही.

साधी पीव्हीसीची एअरलाइन नळी जितकी बदनाम आहे तितकी वाईट नाही. नवी असताना तिच्यातून गॅस झिरपण्याचे प्रमाण सिलिकॉनपेक्षा कितीतरी कमी असते. तिचा दोष वेगळा आहे. तिला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू निघून जाते, नळी ताठ आणि ठिसूळ होते, आणि जिथे ती बार्बवर, म्हणजे जोडाच्या कंगोरेदार तोंडावर, ताणून बसवलेली असते नेमकी तिथेच चिरते. शिवाय दाब वाढला की मऊ नळी फुगते आणि सांध्यावरून सटकते. हाताशी तीच असेल आणि डिफ्युझर कमी दाबावर चालणारा असेल, तर काही महिने ती वापरायला हरकत नाही; मात्र ती कधी बसवली ती तारीख लिहून ठेवावी.

टेफ्लॉन आणि नायलॉन यांच्या नळ्या दाबाला पक्क्या असतात, पण ताठ असतात. अरुंद कपाटात त्या मुडपतात आणि एकदा मुडपलेल्या जागी कायमची घडी राहते. टेफ्लॉन गुळगुळीत असल्यामुळे नुसत्या बार्बवर धरूनही राहत नाही. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातली पॉलिएथिलीनची पांढरी नळी गॅसपुरती चालू शकते, पण तिच्या मापाची एक अडचण आहे आणि ती पुढे सांगितली आहे. नैसर्गिक रबराची नळी या कामाला घेऊच नये.

मग सिलिकॉनला काहीच काम नाही का? आहे, आणि ते मोलाचे आहे. काचेच्या डिफ्युझरची दांडी नाजूक असते. तिच्यावर ताठ नळी दाबून बसवताना दांडी हमखास तुटते आणि काच बोटात जाते. तिथे दोन-तीन सेंटिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा जोड म्हणून वापरावा: एका बाजूने काचेची दांडी, दुसऱ्या बाजूने पॉलियुरेथेनची नळी, आणि आत दोन्ही टोके एकमेकांना जवळजवळ टेकलेली. एवढ्याशा तुकड्यातून जाणारा गॅस हिशेबात धरण्याइतका नसतो, त्यातून काच आणि नळी यांच्यामध्ये जेमतेम फट उरते म्हणून तर नाहीच.

पायरी दुसरी: दाब किती येणार ते पाहावे

20 अंश सेल्सियसला भरलेल्या सिलिंडरमधला दाब सुमारे 57 बार असतो, हे ऐकून पुष्कळ जण घाबरतात आणि सर्वांत जाड नळी शोधू लागतात. हा दाब नळीपर्यंत येत नाही. रेग्युलेटर तो साधारण 1 ते 3 बारपर्यंत उतरवतो, आणि सुई-व्हॉल्व्ह रेग्युलेटरवरच बसवलेला असेल तर पुढच्या नळीत फक्त तेवढाच दाब साचतो, जेवढा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलट मागे येऊ न देणारी झडप) आणि डिफ्युझर उघडायला लागतो. सिरॅमिकच्या साध्या डिफ्युझरला तो बेताचा लागतो. बारीक धुके सोडणाऱ्या अ‍ॅटोमायझरला मात्र 2 ते 3 बारची गरज पडते. डिफ्युझरची चकती शेवाळाने बुजली तर नळीतला दाब वाढत वाढत रेग्युलेटरच्या पातळीपर्यंत जातो. त्यामुळे नळी निवडताना रोजचा दाब न धरता बुजलेल्या डिफ्युझरचा दिवस धरावा. अ‍ॅटोमायझर असेल तर सिलिकॉनचा विचारही करू नये, कारण त्या दाबाला ती फुगून रात्री-अपरात्री सांध्यावरून निसटते.

सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याचा सोडा यांवर चालणाऱ्या बाटल्यांच्या संचालाही हाच नियम लागू आहे. त्यात दीड-दोन बार दाब सहज तयार होतो. यीस्टच्या बाटलीत गॅस मुळातच तुटपुंजा निघतो, म्हणून तिथे झिरपणाऱ्या नळीचा फटका अधिक जाणवतो.

पायरी तिसरी: माप नीट विचारून घ्यावे

इथे नवखे सर्वांत जास्त फसतात. मत्स्यटाकीच्या दुनियेत ‘4 मिमीची नळी’ म्हणजे आतला व्यास 4 मिमी. कारखान्याच्या हवेच्या नळ्या विकणाऱ्याकडे ‘4 मिमीची नळी’ म्हणजे बाहेरचा व्यास 4 मिमी आणि आतला बहुधा 2.5 मिमी. आतून 4 मिमीची नळी तिथे हवी असेल तर ‘6 बाय 4’ असे दोन्ही आकडे सांगावेत. काही संचांचे बार्ब इंचांच्या मापात, 3/16 इंचाच्या नळीसाठी, म्हणजे 4.76 मिमीच्या आतल्या व्यासासाठी बनवलेले असतात. त्या मापाची नळी 4 मिमीच्या बार्बवर सैल बसते आणि साबणाच्या पाण्यात लगेच फेस दाखवते.

पाणी शुद्धीकरण यंत्राच्या नळीची अडचण अशीच आहे. तिचा बाहेरचा व्यास पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी असतो. 6 मिमीच्या पुश-इन जोडात (ज्यात नळी नुसती ढकलून बसवतात) ती जोर लावूनही नीट शिरत नाही, आणि उलट 6 मिमीची नळी पाव इंचाच्या जोडात घातली तर ती बसल्यासारखी वाटते, पण आतली रबरी कडी तिला पुरती पकडत नाही. या गळतीचा आवाज येत नाही. फक्त सिलिंडर लवकर संपतो.

आतला व्यास कमी असल्यामुळे गॅस अडेल अशी भीती बाळगू नये. मिनिटाला काही मिलिलिटर एवढ्या प्रवाहाला 2.5 मिमीची वाटही प्रशस्त असते. भिंत जाड असेल तर उलट फायदाच आहे, कारण झिरपण्याचे प्रमाण भिंतीच्या जाडीच्या उलट जाते.

पायरी चौथी: लांबी

लांबी मोजताना जाड सुतळी घ्यावी आणि नळी ज्या वाटेने जाणार त्या वाटेने ती खरोखर फिरवावी: रेग्युलेटरपासून कपाटाच्या भोकातून, टाकीच्या मागून वर, काठावरून आत आणि डिफ्युझरपर्यंत. सिलिंडर भरायला बाहेर काढताना नळीला ओढ बसू नये म्हणून 20 ते 30 सेंटिमीटर जास्त धरावे. त्यापलीकडची वेटोळी कपाटात ठेवू नयेत. 4 मिमी आतल्या व्यासाच्या एका मीटरमध्ये साधारण 12.5 मिलिलिटर जागा असते. दोन मीटर नळी 2 बार दाबापर्यंत भरायची तर वातावरणाच्या दाबाने मोजलेला आणखी 50 मिलिलिटर गॅस तिच्यात ओतावा लागतो, आणि मिनिटाला 3 मिलिलिटर सोडत असाल तर त्याला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. सकाळी सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारी विजेची झडप) उघडला तरी डिफ्युझर गप्प का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. संध्याकाळी तो बंद झाल्यावरही बुडबुडे काही वेळ चालू राहतात, तेही साठलेल्या याच गॅसमुळे.

पायरी पाचवी: कापणे आणि जोडणे

नळी कात्रीने कापू नये. कात्री नळीला आधी चेपते आणि मग तोडते, त्यामुळे तोंड लंबगोल आणि तिरके होते. नवे धारदार पाते किंवा नळी कापण्याचा कटर घेऊन एका दाबात, काटकोनात कापावी. पुश-इन जोडात हे फार महत्त्वाचे आहे, कारण आतली कडी नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसते. तिथे एक ओरखडा असला तरी गॅसला वाट मिळते. नळी तळाशी टेकेपर्यंत आत ढकलावी आणि मग हलके ओढून पाहावी. काढताना जोडाची कॉलर समान दाबून धरावी, आणि पुन्हा बसवण्याआधी जोडातल्या दातांचे व्रण उमटलेला सेंटिमीटरभर भाग कापून टाकावा. म्हणूनही थोडी जादा लांबी हाताशी असलेली बरी.

दाब-नटाच्या जोडात (ज्यात बार्बवर चढवलेली नळी वरून नटाने आवळतात) नट आधी नळीवर ओवायचा असतो, हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण नळी बार्बवर महत्प्रयासाने चढवल्यानंतर टेबलावर राहिलेला नट पाहण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा नव्हे, अनेकदा आला आहे. पितळी नट हाताने घट्ट करून पान्याने किंचित फिरवावा. प्लास्टिकच्या नटाला पाना लावूच नये.

ताठ नळी बार्बवर जात नसेल तर तिचे टोक दहा-पंधरा सेकंद गरम पाण्यात धरावे. लायटरच्या ज्योतीने भिंत एका बाजूला पातळ होते, तो मार्ग टाळावा. काचेच्या दांडीवर घट्ट बसलेली नळी कधीही ओढून काढू नये. पात्याने उभी चीर देऊन सोलून काढावी. नळीचा तुकडा वाया जातो, डिफ्युझर वाचतो.

चेक व्हॉल्व्ह बबल काउंटर आणि डिफ्युझर यांच्या मध्ये, शक्यतो टाकीच्या जवळ बसवावा, त्याच्यावरचा बाण टाकीच्या दिशेने ठेवावा. तो जवळ असला की मागे येणारे पाणी थोड्याच नळीत शिरते. प्लास्टिकच्या स्वस्त व्हॉल्व्हमधला पडदा कालांतराने काम करीनासा होतो, म्हणून धातूचा घ्यावा. पारदर्शक नळीचा फायदा इथे कळतो: व्हॉल्व्हच्या मागच्या भागात पाण्याचा स्तंभ दिसला तर तो बदलायची वेळ झाली, आणि काउंटरच्या लगेच पुढे बारीक थेंब दिसले तर ती नुसती वाफ थिजलेली आहे. काठावरून नळी आत उतरवताना ती मुडपते; तिथे काचेची किंवा प्लास्टिकची इंग्रजी यू आकाराची दांडी घालावी.

पायरी सहावी: तपासणी

सगळे जोडून झाल्यावर गॅस चालू करावा, दाब स्थिरावू द्यावा आणि प्रत्येक सांध्यावर भांडी घासण्याच्या द्रवाचे दाट पाणी ब्रशने लावावे. बारीक गळतीचा फेस यायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, तेव्हा घाई करू नये. नंतर सुई-व्हॉल्व्ह बंद करून सिलिंडरची चावीही बंद करावी, मापकावरचा आकडा लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आकडा उतरला असेल तर दोष व्हॉल्व्हच्या अलीकडच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या बाजूच्या सांध्यांत आहे. साबणाच्या पाण्याने भिंतीतून होणारे झिरपणे मात्र दिसत नाही. ते इतके पसरून होते की फेस धरतच नाही, आणि माझी फसगत झाली ती याच ठिकाणी.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असतो आणि बंद कपाटाच्या तळाशी साठू शकतो. कपाटाला मागच्या बाजूने मोकळी वाट ठेवावी आणि मोठी गळती झाल्याची शंका आली तर खोली उघडून मगच आत वाकून पाहावे.

जुनी नळी बदलताना

जे सध्या सिलिकॉन वापरत आहेत आणि हे वाचून नळी बदलणार आहेत, त्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट अजिबात वगळू नये. आजवर जो गॅस वाटेत संपत होता तो आता पूर्णच्या पूर्ण टाकीत जाईल. काउंटरमध्ये तेवढेच बुडबुडे दिसतील, पण पाण्यातले प्रमाण एका दिवसात दीडपट-दुप्पट होऊ शकते आणि मासे वर येऊन तोंड वासू लागतील. म्हणून नळी बदलताच बुडबुड्यांची गती निम्मी करावी. 4 डीकेएचचे (डीकेएच हे पाण्याची कार्बोनेट कठीणता मोजायचे एकक) द्रावण असलेला ड्रॉप चेकर लिटरला सुमारे 30 मिलिग्रॅमला हिरवा होतो, पण तो पाण्याच्या मागे तास-दोन तास रेंगाळतो. त्यामुळे प्रत्येक वेळी थोडीच वाढ करून पुढची वाढ दुसऱ्या दिवसावर ठेवावी. हे काम सुट्टीच्या दिवशी, सकाळी, दिवसभर टाकीजवळ बसता येईल अशा वेळी हाती घ्यावे, आणि मासे पृष्ठभागाशी जमू लागले तर ड्रॉप चेकरचा रंग न पाहता आधी गॅस बंद करून एअर पंप चालू करावा.